थेरपीची तारीख लांब आहे? टेली-मानस १४४१६ तोवर किती पुरतं, कुठे कमी पडतं

नागपुरात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणं एक वेळ सोपं, थेरपी सुरू होणं कठीण. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मिहानमधलं एम्स किंवा मानकापूरजवळचं प्रादेशिक मनोरुग्णालय, कुठेही ओपीडीच्या वेळेत चिठ्ठी काढली की डॉक्टर तपासतात आणि गरज असेल तर औषध लिहून देतात. पण दर आठवड्याला पाऊण तास समोर बसून पद्धतशीर बोलणारा प्रशिक्षित माणूस हवा असला, की 'अमुक तारखेला या' हेच ऐकायला मिळतं. धरमपेठ-रामदासपेठेत पैसे मोजले तरी चांगल्या सायकॉलॉजिस्टची वेळ लगेच मिळेलच असं नाही. त्या मधल्या आठवड्यांत हाताशी असलेली फुकट सेवा म्हणजे टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी फोन हेल्पलाइन. थेरपीची वाट बघणाऱ्या माणसाला ती कितपत कामाची आहे, एवढ्याच बाजूने हे परीक्षण केलं आहे.

आमचे गुण: पाचपैकी साडेतीन. रात्री दोन वाजता मराठीत बोलणारं, शिकलेलं कोणीतरी फोन उचलतं, यासाठी पूर्ण गुण. दीड गुण का कापला ते पुढे येईलच.

ही सेवा केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. तिचं मुख्य केंद्र बंगळुरूचं निमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. चोवीस तास चालू, २० भाषा, पैसे शून्य. रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर राज्याच्या केंद्रात बसलेले प्रशिक्षित समुपदेशक फोन घेतात. त्यांना प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर ते तज्ज्ञाकडे किंवा दुसऱ्या पायरीवर, म्हणजे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालय अशा ठिकाणी पाठवतात. ही दुसरी पायरी बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. 'धीर धरा' ऐकून फोन ठेवला जातो, आणि पुढे कुठे जाता येईल हे विचारायचं राहूनच जातं.

या फोनचा उपयोग किती होणार हे निम्मंअधिक फोन लावणाऱ्याच्या तयारीवर ठरतं. समुपदेशक तुम्हाला ओळखत नाही, तुमची फाइल त्याच्यासमोर नाही. आईवडिलांपासून सुरुवात केली तर वीस मिनिटं इतिहासातच जातात आणि आज रात्री काय करायचं हे तसंच राहतं. म्हणून फोनआधी अर्ध्या पानावर चार ओळी लिहून ठेवा: काय होतंय आणि कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, थेरपीची तारीख कधीची आहे, आणि आजच्या फोनमधून नेमकं काय हवं. समजा असं:

'मला दीड महिन्यापासून रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग सकाळपर्यंत झोप नाही. ऑफिसला जातो, पण कामात मन लागत नाही. मेडिकलमधून एक गोळी चालू आहे, नाव सांगतो. थेरपीची तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे. तोपर्यंत जाग आल्यावर काय करायचं, तेवढं आज विचारायचंय.'

एवढ्यावर समोरच्याला काम करता येतं. नुसतं 'टेन्शन आहे' म्हटलं तर त्याला अर्धा वेळ तपास करण्यातच घालवावा लागतो. शेवटी दोन गोष्टी आवर्जून विचारा: 'यापैकी मी आजपासून नेमकं काय करू?' आणि 'काय झालं तर तारखेची वाट न बघता लगेच दाखवायला जाऊ?' उत्तरं त्याच कागदावर उतरवून घ्या. मन घायकुतीला आलेलं असताना ऐकलेलं सकाळपर्यंत टिकत नाही.

बोलायला जागा शोधणं ही नागपूरच्या दोन खोल्यांच्या घरातली खरी अडचण. पलीकडे सासूबाई टीव्ही बघत असतील तर माणूस खरं बोलत नाही, 'हो', 'नाही', 'बरं' एवढंच बोलतो, आणि मग सेवेत दम नाही असं म्हणतो. गच्ची, उभ्या केलेल्या गाडीत काच लावून, जेवणानंतरची कॉलनीतली फेरी, अंबाझरीच्या बाजूचा एखादा शांत बाक, असं काहीतरी आधी ठरवा. मे महिन्यात दुपारी बंद गाडीत मात्र बसू नका, पाच मिनिटांत भट्टी होते. इअरफोन लावा, म्हणजे समोरच्याचा आवाज तरी बाहेर जात नाही. नाव सांगायला संकोच वाटत असेल तर तसं सुरुवातीलाच सांगून टाका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. त्याला अपवाद आहेत. जीवाला धोका दिसत असेल तर तो टाळण्यापुरती माहिती पुढे जाऊ शकते, आणि जायलाच हवी. याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं ठरवलं आहे. तेव्हा 'मनात मरणाचे विचार येतात' हे फोनवर सांगितलं तर पोलीस केस होईल, या भीतीने तेवढंच लपवून ठेवू नका.

आता कापलेल्या दीड गुणाचं. दर वेळी तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नाही. थेरपीत मागच्या आठवड्याचा धागा पुढच्या आठवड्यात धरला जातो. इथे दर फोनला धागा तुम्हीच हातात द्यायचा. म्हणून वरचा कागद जपून ठेवा आणि तारखेनिशी पुढे लिहीत जा. दुसरी मर्यादा औषधांची: झोपेची गोळी फोनवर लिहून मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. ती सहज मिळत नाही हे चांगलंच आहे, याबद्दल गुण कापलेले नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे जुनी, खोल दुखणी: बालपणीचा अत्याचार, वर्षानुवर्षांचं घरातलं भांडण, वारंवार हात धुण्यासारखी सक्ती. ही फोनवर उकरू नयेत. उघडलं जातं, बंद करायला वेळ उरत नाही, आणि पुढची रात्र आणखी वाईट जाते. 'हा विषय थेरपीसाठी ठेवलाय, आज फक्त आजच्याबद्दल' असं म्हणायला हरकत नाही. चांगला समुपदेशक ते लगेच मान्य करतो.

हेल्पलाइन म्हणजे आठवड्यातला एखादा फोन. बाकीचे दिवस तुमचेच. थेरपी सुरू झाल्यावर सायकॉलॉजिस्ट पहिल्या काही भेटींत जी कामं देतात, त्यातली निम्मी आत्तापासून करता येतात. खरं तर करावीतच, म्हणजे त्या भेटी पुढच्या कामाला वापरता येतात.

सगळ्यात आधी झोप, कारण ती बिघडली की बाकी कशालाच बळ उरत नाही. उठण्याची वेळ पक्की करा, झोपण्याची नव्हे. रात्री कधीही डोळा लागो, सकाळी सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही असं वाटलं की अंथरुणातून उठा, दुसऱ्या खोलीत किंवा खुर्चीवर मंद दिव्यात बसा, कंटाळवाणं काहीतरी करा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. घड्याळ बघायचं नाही. वीस मिनिटं अंदाजाने. हे कशासाठी, तर अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत पडलेली गाठ सुटावी म्हणून. चुकतं असं: माणूस उठतो, पण मोबाइल घेऊन बसतो. किंवा दोन रात्री करून 'काही फरक नाही' म्हणून सोडतो. पहिला आठवडा झोप उलट कमी वाटते, हे आधीच धरून चला. मात्र बायपोलरचं (मन कधी फार चढतं, कधी फार उतरतं तो आजार) निदान असेल किंवा फिट्स येत असतील तर झोप कमी करणारा कुठलाही प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आपल्याकडचा मोठा घोटाळा दुपारच्या झोपेचा. उन्हाळ्यात बारा ते पाच बाहेर पडवत नाही, कूलर लावून दोन तास ताणून दिली जाते आणि रात्री अकराला झोप कुठे गेली म्हणून शोध सुरू होतो. झोपायचंच असेल तर तीनच्या आत, अर्ध्या तासाचा गजर लावून. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. कॅफिन शरीरातून निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्री ती झोप तुटते, आणि तीनला जाग येण्याचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं.

दुसरं काम हालचालीचं. उदासीत माणूस 'बरं वाटलं की करीन' म्हणतो, आणि बरं वाटत नाही कारण काही केलेलं नसतं. हे चक्र वेळ ठरवून तोडतात, मूडची वाट बघून नाही. वहीत दोन रकाने आखा: करण्याआधी मन किती, शून्य ते दहा, केल्यावर किती. काम इतकं छोटं घ्या की नाही म्हणायला लाज वाटावी. पहिले तीन दिवस फक्त चपला घालून फाटकापर्यंत. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा लिटर दूध. मग गोकुळपेठेच्या बाजारात एक फेरी, एकच भाजी घेऊन परत. पुढे सेमिनरी हिल्स किंवा महाराजबागेत वीस मिनिटं. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी सातच्या आत उरका. पारा ४५ च्या घरात असताना दुपारी चालणं हा वेगळाच आजार. आणि पहाटे लवकर जाग येतेच आहे, तर साडेपाचचा गारवा तरी कामी लावा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे एखाद्या बऱ्या दिवशी अख्खं घर आवरायला काढणं. मग दोन दिवस अंथरुणात, आणि 'मला जमतच नाही' हे आणखी पक्कं. बऱ्या दिवशीही ठरवलेलंच करायचं, त्यापेक्षा जास्त नाही.

काळजी करायला रोज एक वेळ नेमून द्या: संध्याकाळी सहा ते सव्वासहा, खुर्चीवर, वही घेऊन. दिवसभरात विचार आला की एका शब्दात टिपून 'सहाला' म्हणायचं. झोपायच्या वेळेजवळ ही बैठक ठेवू नका.

घाबरल्यासारखं झालं की लोक सांगतात, मोठा श्वास घे. मोठे, भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि हातापायाला मुंग्या, गरगर, छातीत दडपण वाढतं. मग वाटतं हार्ट अटॅकच. त्याऐवजी हलका श्वास नाकाने, चार अंक मोजत आत; सहा अंक मोजत बाहेर. पाच मिनिटं. शांत असताना रोज दोनदा सराव केला तरच ऐन वेळी जमतं. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, चालताना वाढत असेल किंवा घाम आणि डाव्या हाताकडे कळ असेल तर मात्र श्वास मोजत बसू नका, आधी ईसीजी.

औषधं चालू असलेल्यांसाठी थोडं सविस्तर. उदासीवरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्याच आठवड्यात येतो. म्हणजे त्रास आधी, फायदा नंतर, आणि नेमक्या त्या फटीत लोक गोळी सोडतात. सोडू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. 'ही गोळी कशी सहन करू' एवढं विचारायला १४४१६ सुद्धा चालतं. फक्त गोळी सुरू झाल्यावर जीव जास्तच तगमगायला लागला किंवा मरणाचे विचार वाढले, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत, तर त्याच दिवशी डॉक्टर. ओळखीच्या मेडिकल स्टोअरमधून अल्प्राझोलामची (घबराट आणि झोपेसाठीची गोळी) पट्टी आणून महिनाभर घेणं हा नागपुरातच काय, सगळीकडचा रोग आहे. सवय लागते, आणि अचानक थांबवली तर झोप उडते, थरथर होते, कधी फिट्सही येतात. आणि लिथियम (बायपोलरवर देतात ते औषध) चालू असेल तर इथला उन्हाळा हलक्यात घेऊ नका: घामाने पाणी-मीठ गेलं, जुलाब लागले की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, तोल जाणं, उलट्या दिसल्या की लगेच डॉक्टर आणि रक्तातली पातळी. अशा वेळी अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्यांनीही पातळी चढते. मीठ एकदम बंद करायचा किंवा एकादशीला निर्जळी करायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या.

थकवा, उदासी, मंदपणा यामागे थायरॉइड, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता असू शकते. वाट बघण्याच्या काळात डॉक्टरांना विचारून टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-१२ या तपासण्या करून ठेवणं शहाणपणाचं.

आता ज्याच्यासाठी ही सेवा सगळ्यात जास्त वापरावी ते: सुरक्षेचा कागद. मरणाचे विचार मधूनमधून येतात पण काही करायचं ठरलेलं नाही, अशांनी थेरपीची वाट न बघता तो आजच बनवावा. समुपदेशकाला थेट म्हणा, 'सेफ्टी प्लॅन बनवायला मदत करा.' एका पानावर क्रमाने लिहायचं. वाईट वेळ येते आहे हे कशावरून कळतं, तुमच्या स्वतःच्या खुणा (जेवण टाळणं, फोन बंद करणं, बाटली काढणं). एकट्याने करता येतील अशा दोन-तीन गोष्टी. जिथे माणसं असतात अशी जागा: देऊळ, विहार, सीताबर्डीच्या बाजाराचा गजबजाट, मावशीचं घर. ज्यांना खरं सांगता येईल अशा दोघांची नावं नंबरसकट. मग डॉक्टर, १४४१६, ११२. आणि शेवटचा भाग, जो बहुतेक जण सोडतात आणि ज्यात सगळ्यात जास्त दम आहे: घर सुरक्षित करणं. औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात, हातात फक्त दोन-तीन दिवसांच्या गोळ्या. शेती असेल तर फवारणीची औषधं घरात नकोतच. कुलूपबंद, आणि किल्ली भावाकडे किंवा शेजाऱ्याकडे. लाट तीव्र असते, पण पुष्कळदा काही वेळात ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं पाहिजे, हा सगळा हिशेब आहे. कागद मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि घरातल्या एकाला दाखवा.

काही बाबतींत मात्र वाट बघायचीच नाही. काही करायचं ठरलं आहे किंवा साधन जवळ आहे, कानात आवाज येतात, चार-पाच दिवस झोप नाही तरी अंगात प्रचंड जोर आहे, खाणंपिणं बंद आहे, बाळंतिणीचं वागणं अचानक बदललं आहे, अशा वेळी एकट्याला सोडू नका. १०८ किंवा ११२, नाहीतर थेट मेडिकलच्या कॅज्युअल्टीत. मानकापूरच्या रुग्णालयाबद्दल शहरात आजही कुजबुज असते. ते १८६४ पासूनचं आहे आणि जुन्या नावाचा डाग लोकांच्या बोलण्यातून पुसला गेलेला नाही. पण ओपीडीत दाखवलं म्हणजे भरती केलं असं मुळीच नाही, चिठ्ठी काढून दाखवून लोक घरी परततात.

टेली-मानसशिवाय टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची आयकॉल सेवाही फोनवर समुपदेशन देते. तिच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून ती दिवसासाठी आणि १४४१६ रात्रीसाठी अशी जोडी चालू शकते. मोबाइलमधल्या एआयशी बोलून मन मोकळं होतं असं बरेच जण म्हणतात. होत असेलही. पण ते तुमच्या हो ला हो लावत राहतं, आणि जीवावर बेतलं तर उठून दार वाजवायला येत नाही. सुरक्षेच्या कागदात त्याचं नाव नको.

वाट बघताय ती नेमकी कोणाची, हेही याच दिवसांत तपासून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा, परिषदेच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. नुसती 'कौन्सिलर' अशी पाटी मात्र थोड्या दिवसांचा कोर्स करूनही लागलेली दिसते, तेव्हा शिक्षण काय हे विचारण्यात उद्धटपणा नाही. रिसेप्शनवर तीन प्रश्न: एका भेटीचे पैसे किती, भेट किती मिनिटांची, आणि कोणी वेळ रद्द केली तर मला फोन कराल का? रद्द झालेल्या वेळेच्या यादीत नाव असलं आणि तासाभराच्या निरोपावर पोचायची तयारी असली तर तारीख पुढे सरकू शकते. काही विभागांत शिकाऊ सायकॉलॉजिस्ट वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी करतात. तशी सोय आहे का विचारा, आणि असली तर नाक मुरडू नका. त्यांच्याकडे वेळ असतो.

दर रविवारी पीएचक्यू-९ भरा, म्हणजे उदासी किती आहे ते मोजणारी प्रश्नावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, शून्य ते २७ गुण, मराठीतही मिळतो. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र, २० पासून तीव्र. हे निदान नव्हे, तापमापक आहे. एका आठवड्यात पाच गुणांनी चढला तर पुढच्या तारखेची वाट न बघता ओपीडी गाठा. नवव्या प्रश्नाला (मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही असो, त्याच दिवशी १४४१६.

तारखेच्या दिवशी न्यायच्या गोष्टी: हे रविवारचे कागद, झोपेची आणि कामांची वही, फोनवर लिहून घेतलेल्या नोंदी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांसकट सगळ्या चिठ्ठ्या. आणि नेमकं त्याच आठवड्यात बरं वाटायला लागलं तरी वेळ रद्द करू नका. पुन्हा यादीच्या तळाशी जाल. पहिली भेट बहुतेक माहिती घेण्यातच जाते, त्यामुळे 'काहीच केलं नाही' असं वाटून घरी येऊ नका. निघण्याआधी पुढच्या चार भेटींच्या तारखा एकदमच मागा.